मणक्यातील गादी सरकते म्हणजे नेमके काय होते?

आपल्या भागात कंबरेच्या दुखण्याला नावे पुष्कळ आहेत. कोणी म्हणतो उसण भरली, कोणी म्हणतो कंबर धरली, कोणी म्हणतो नस दबली. अलीकडच्या काळात या नावांत आणखी एकाची भर पडली आहे : ‘गादी सरकली.’ गोंदिया किंवा नागपूर येथून एमआरआयचा अहवाल घेऊन माणूस तिरोड्याला परततो. अहवालात ‘डिस्क बल्ज’ हे शब्द असतात. त्या दिवसापासून घरातील बोलणे हळू आवाजात होऊ लागते. यंदा रोवणीला जाता येईल काय? राईस मिलमधील हमाली सोडावी लागेल काय? ऑपरेशन करावे लागले तर धानाची बांधी विकावी लागेल काय? असे प्रश्न एकामागून एक उभे राहतात.

आम्ही वैद्यक शिकलेलो नाही. आम्ही इतिहासाचे शिक्षक आहोत. परंतु इतिहास शिकविताना विद्यार्थ्यांना एक सवय लागावी असा आमचा नेहमी प्रयत्न असतो. कोणताही दस्तऐवज हाती आला की तो काय सांगतो हे तर पाहावेच, पण तो काय सांगत नाही हेही पाहावे. एमआरआयचा अहवाल हाही एक दस्तऐवजच आहे. तो वाचता न आल्यामुळे काही कुटुंबे विनाकारण घाबरतात आणि कर्जात उतरतात. तर काही कुटुंबे जेथे एका दिवसाचाही विलंब करू नये तेथे महिनोन्महिने मालिश करीत बसतात. या दोन्ही गोष्टींनी घराचे नुकसान होते. म्हणून शाळेच्या या स्मरणिकेत माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर हा विषय मांडण्याचे आम्ही योजिले आहे. डॉक्टरांच्या सल्ल्याऐवजी हा लेख वापरावा असा आमचा हेतू नाही; डॉक्टरांसमोर बसल्यावर योग्य प्रश्न विचारता यावेत, एवढाच हेतू आहे.

गादीची रचना

आपल्या पाठीचा कणा मानेपासून माकडहाडापर्यंत मणक्यांच्या एकावर एक रचलेल्या मालिकेने बनलेला आहे. मानेत ७, पाठीत १२ आणि कंबरेत ५ मणके असतात. त्याखाली एकमेकांना जुळून गेलेले त्रिकास्थीचे व माकडहाडाचे मणके येतात. मानेतील पहिले दोन मणके सोडले तर खाली त्रिकास्थीपर्यंत प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक चकती असते. अशा एकूण २३ चकत्या आहेत. हिलाच आपण बोलीभाषेत गादी म्हणतो.

या गादीचे दोन भाग असतात. बाहेर चिवट तंतूंची एकावर एक चढविलेली कडी असतात. कांद्याच्या पाकळ्या डोळ्यांपुढे आणल्या तर कल्पना येईल. आत जेलीसारखा मऊ, पाणीदार गर असतो. तरुणपणी या गरात सुमारे ८० टक्के किंवा त्याहून अधिक पाणी असते. आपण चालतो, वाकतो, ओझे उचलतो तेव्हा हा गर दाब झेलतो आणि तो चहूकडे सारखा वाटून देतो. दिवसभराच्या दाबाने गादीतील थोडे पाणी बाहेर पडते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा आत शिरते. त्यामुळेच सकाळी आपली उंची रात्रीपेक्षा सुमारे एक ते दोन सेंटिमीटर अधिक भरते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. प्रौढ माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिला लागणारे अन्न वरच्या व खालच्या मणक्यांतून झिरपत येते. हालचालीने गादी दाबली आणि सैल होते, तेव्हा हा झिरपा चालू राहतो. गादीला इजा झाली तर ती त्वचेच्या जखमेप्रमाणे आठ दिवसांत भरून येत नाही, याचे कारण हेच. आणि अंथरुणावर पडून राहणे हा तिचा उपचार नव्हे, याचेही कारण हेच.

‘सरकते’ म्हणजे काय?

खरे पाहता गादी पाटावरून वाटी सरकावी तशी कधीच सरकत नाही. ती वरच्या व खालच्या मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. जे घडते त्याच्या चार पायऱ्या सांगता येतील.

पहिली पायरी फुगवट्याची. गादीतील पाणी कमी होते, तिची उंची घटते आणि तिचा घेर मणक्याच्या कडेबाहेर थोडा डोकावतो. सायकलच्या ट्यूबमधील हवा कमी झाली म्हणजे टायर जमिनीलगत बाजूला पसरतो, तसेच हे होते. अहवालातील ‘बल्ज’ तो हाच. दुसऱ्या पायरीत बाहेरची कडी एका जागी कमकुवत होऊन आतील गर त्या दिशेने ढकलला जातो. त्याला ‘प्रोट्रूजन’ म्हणतात. तिसऱ्या पायरीत कडी फाटून गर बाहेर येतो, ते ‘एक्स्ट्रूजन’. चौथ्या पायरीत बाहेर आलेला तुकडा मूळ गादीपासून तुटून सुटा होतो; ते ‘सिक्वेस्ट्रेशन’. कंबरेतील अशा घटनांपैकी बहुतेक शेवटच्या दोन गाद्यांत घडतात. अहवालात त्या ‘एल-४, एल-५’ आणि ‘एल-५, एस-१’ अशा लिहिलेल्या असतात.

गादीच्या मागील बाजूस मज्जातंतूंचा मार्ग आहे. मेरुरज्जू स्वतः कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपतो. त्याखाली घोड्याच्या शेपटीसारखा मज्जातंतूंचा झुबका असतो. त्यातील एखाद्या तंतूच्या मुळावर गादीचा दाब आला, किंवा बाहेर आलेल्या गरामुळे तेथे दाह झाला, तर वेदना कंबरेत न थांबता ढुंगणातून, मांडीच्या मागून, पोटरीतून पावलापर्यंत उतरते. या दुखण्याला ‘सायटिका’ म्हणतात.

या ज्ञानाचा इतिहास

हे दुखणे नवे नाही. चरकसंहितेत ‘गृध्रसी’ नावाचा विकार वर्णिला आहे. पाय ओढत चालणाऱ्या रोग्याची चाल गिधाडासारखी दिसते म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. इटलीतील नेपल्स येथील डॉमेनिको कोतुन्यो यांनी १७६४ साली या दुखण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि पायात उतरणाऱ्या वेदनेचा संबंध मज्जातंतूशी जोडला. परंतु तो तंतू दुखावतो कशाने, हे त्यानंतरही दीर्घकाळ नीट कळले नव्हते. अमेरिकेतील बोस्टन येथील विल्यम मिक्स्टर व जोसेफ बार या दोन शल्यचिकित्सकांनी १९३४ साली एक निबंध प्रसिद्ध केला आणि फाटलेल्या गादीचा भाग मज्जातंतूवर दाब देतो व तो काढल्यास रुग्णाला आराम पडतो, हे दाखवून दिले. तेव्हापासून जगभर या शस्त्रक्रियेचा प्रसार झाला.

पुढे १९८० च्या दशकात एमआरआय यंत्रे रुग्णालयांत आली. शरीर न उघडता गादी पाहता येऊ लागली. ही प्रगती फार मोठी होती. परंतु तिच्यासोबत एक नवा प्रश्नही आला. ज्याला दुखते त्याच्या चित्रात फुगवटा दिसतो हे ठीक. पण ज्याला काहीच दुखत नाही त्याच्या चित्रात काय दिसते?

अहवाल कसा वाचावा?

या प्रश्नाचे उत्तर १९९४ साली अमेरिकेतील एका अभ्यासाने दिले. कंबरदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढण्यात आले. त्यांपैकी ५२ टक्के लोकांत निदान एका जागी फुगवटा आढळला आणि २७ टक्के लोकांत त्यापुढील पायरीचे प्रोट्रूजन आढळले. कंबर न दुखणाऱ्या लोकांची ही चित्रे होती, हे लक्षात ठेवावे. पुढे २०१५ साली अशा ३३ अभ्यासांतील ३,११० निरोगी माणसांची माहिती एकत्र करण्यात आली. वेदना नसलेल्या विशीतील तरुणांत सुमारे ३० टक्के, तर ऐंशीच्या घरातील वृद्धांत सुमारे ८४ टक्के लोकांच्या गादीत फुगवटा दिसला.

याचा अर्थ काय? केस पिकतात, त्वचेला सुरकुत्या पडतात, त्याचप्रमाणे वयाबरोबर गादीही सुकते व पसरते. म्हणून अहवालात ‘बल्ज’ हा शब्द आहे एवढ्यावरून तोच दुखण्याचे कारण आहे असे सिद्ध होत नाही. चित्रातील जागा, रुग्ण सांगतो ती वेदनेची वाट आणि डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, या तिन्हींचा मेळ बसला तरच निदान पक्के होते. इतिहासात एका साधनावर विसंबून निष्कर्ष काढीत नाहीत. येथेही तोच नियम लागू आहे.

म्हणूनच चांगला डॉक्टर आधी रुग्णाला उताणे झोपवतो आणि गुडघा सरळ ठेवून पाय हळूहळू वर उचलतो. पाय थोडा वर जाताच गुडघ्याखाली झणझणीत वेदना उतरली, तर मज्जातंतूच्या मुळाला त्रास आहे असा संशय बळावतो. मग तो पायाचा अंगठा वर ओढायला सांगतो, टाचांवर व चवड्यांवर चालून दाखवायला सांगतो, टाचेवरच्या शिरेवर लहान हातोडी मारून पाहतो, पायाच्या कोणत्या भागात बधिरता आहे ते स्पर्शाने तपासतो. पाच-दहा मिनिटांच्या या तपासणीतून कोणता तंतू दुखावला आहे याचा पुष्कळसा अंदाज येतो. ही तपासणी न करता केवळ चित्र पाहून कोणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यास संकोच करू नये.

गादी झिजते कशाने?

स्वीडनचे शल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसाच्या गादीतील दाब मोजला. उभे असताना तो १०० धरला, तर उताणे झोपल्यावर सुमारे २५, उभ्याने पुढे वाकल्यावर १५० आणि हातात वजन घेऊन वाकल्यावर सुमारे २२० असे प्रमाण त्यांना आढळले. हे आकडे वाचले की आपल्या भागातील कामे आपोआप डोळ्यांपुढे येतात. आषाढ-श्रावणात चिखलाच्या बांधीत सकाळपासून सायंकाळपर्यंत कंबरेत वाकून रोवणी करणाऱ्या आयाबहिणी. तेंदूपत्ता तोडताना दिवसभर वाकणारी आणि गठ्ठे डोक्यावर आणणारी माणसे. राईस मिलमध्ये पाठीवर पोती वाहणारे हमाल. वीटभट्टीवर विटांचा भार उचलणारी जोडपी. या कामांत वाकणे, वळणे आणि ओझे या तिन्ही गोष्टी एकदम येतात.

तथापि, सगळा दोष ओझ्यावर टाकणेही बरोबर होणार नाही. फिनलंडमध्ये जुळ्या भावंडांचा अभ्यास झाला. त्यातील काही जोड्यांत एक भाऊ कष्टाचे काम करणारा तर दुसरा बैठे काम करणारा होता. तरीही दोघांच्या गाद्यांची झीज बरीच सारखी आढळली. म्हणजे आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. धूम्रपानानेही गादीचे पोषण बिघडते, म्हणून विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास अधिक होतो. वाढलेले वजन, कमी झोप, मनावरचा ताण यांचाही वेदनेशी संबंध आहे. ओझे हे अनेक कारणांपैकी एक आहे. पण ते असे कारण आहे की जे माणसाच्या हातात आहे आणि कायद्याच्याही हातात आहे.

प्रौढ पुरुषाने हाताने वाहावयाचे कमाल वजन ५५ किलोपेक्षा अधिक असेल तर ते त्या मर्यादेपर्यंत खाली आणावे, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली केली. स्त्रियांसाठी ते यापेक्षा बरेच कमी असावे असेही सांगितले. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी व हमाल कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. त्याआधी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कारखान्यातील कामाचे तास आठवड्याला ५४ वरून ४८ वर आणण्याचा मार्ग मोकळा केला. परंतु बांधीतील रोवणीला ना तासांची मर्यादा आहे, ना वजनाची. तेथे मर्यादा आपणच आपसांत ठरवावी लागते.

उपचाराचा क्रम

सर्वांत आधी सांगण्यासारखी गोष्ट दिलाशाची आहे. गादीमुळे पायात उतरणारी कळ बहुसंख्य रुग्णांत सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेवाचून पुष्कळ कमी होते. बाहेर आलेला गर शरीरातील पेशी हळूहळू खाऊन टाकतात. २०१५ च्या एका आढाव्यात तुटून सुटे झालेले तुकडे ९६ टक्के रुग्णांत, तर फाटून बाहेर आलेला गर ७० टक्के रुग्णांत आपोआप आक्रसल्याचे दिसले. चित्रात जे अधिक भयंकर दिसते तेच पुष्कळदा अधिक विरघळते, ही निसर्गाची गंमत आहे. साधा फुगवटा मात्र चित्रात बहुधा तसाच राहतो. वेदना निघून जाते आणि चित्र तेच राहते. म्हणून बरे वाटू लागल्यावर ‘गादी जागेवर आली काय’ हे पाहण्यासाठी पुन्हा एमआरआय काढण्याची सहसा गरज नसते.

विश्रांती किती घ्यावी, याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. महिनाभर फळीवर झोपविण्याची पद्धत पूर्वी होती. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या १८३ रुग्णांवर अभ्यास होऊन १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन आठवडे अंथरुणावर राहिलेल्यांना, हिंडते-फिरते राहिलेल्यांपेक्षा अधिक लाभ झाला नाही. वेदना असह्य असेल तेव्हा एक-दोन दिवस आडवे व्हावे. त्यानंतर झेपेल तितके उठावे, चालावे, घरातील हलकी कामे करावीत. ओझे आणि वाकणे मात्र काही आठवडे टाळावे.

औषधांत दाह कमी करणाऱ्या गोळ्या थोड्या काळासाठी दिल्या जातात. त्या पोटाला, मूत्रपिंडाला आणि रक्तदाबाला बाधू शकतात; म्हणून औषधाच्या दुकानातून स्वतःच आणून महिनोन्महिने घेणे धोक्याचे आहे. नसांच्या दुखण्यासाठी म्हणून ‘प्रिगॅबालिन’ हे औषध आपल्याकडे सर्रास लिहिले जाते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात सायटिकाच्या २०९ रुग्णांवर त्याची परीक्षा झाली, तेव्हा ते औषधविरहित गोळीपेक्षा सरस ठरले नाही. चक्कर येण्याचा त्रास मात्र वाढला. ते सुरू असल्यास एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून कमी करावे.

व्यायाम हा उपचाराचा कणा आहे. फिजिओथेरपिस्ट रुग्णाला पाहून व्यायाम ठरवितो; कारण एकाला मागे झुकण्याने आराम पडतो तर दुसऱ्याला तेच बाधते. व्यायाम करताना पायातील कळ वर सरकून कंबरेत गोळा होत असेल तर ते चांगले लक्षण मानतात. ती खाली पावलाकडे पसरत असेल तर तो व्यायाम थांबवावा. सर्वांत स्वस्त व्यायाम चालण्याचा. ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांवर झालेला एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून बरे झालेल्यांनी टप्प्याटप्प्याने आठवड्यातून पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालण्याची सवय लावली. त्यांचे दुखणे परत येण्यास साधारण २०८ दिवस लागले. न चालणाऱ्यांत ते ११२ दिवसांत परतले. कंबरेचा पट्टा आणि वजने लावून ओढण्याचे ‘ट्रॅक्शन’ यांचा दीर्घकालीन कंबरदुखीत नेहमीचा उपचार म्हणून वापर करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे.

पायातील वेदना अतितीव्र असेल तर मज्जातंतूच्या मुळाजवळ स्टेरॉईडचे इंजेक्शन देतात. त्याने काही रुग्णांना काही आठवडे आराम मिळतो. कायमचा उपचार म्हणून त्याकडे पाहू नये.

शस्त्रक्रिया केव्हा?

शस्त्रक्रियेला दोन टोकांच्या भीती चिकटल्या आहेत. एक, ‘ऑपरेशन केले की माणूस कायमचा लुळा होतो’. दुसरी, ‘ऑपरेशन केले नाही तर लुळा होतो.’ दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. नेदरलँड्समध्ये सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका असलेल्या २८३ रुग्णांचे दोन गट करण्यात आले. एका गटाची लवकर शस्त्रक्रिया ठरविली आणि दुसऱ्या गटाला आधी औषध-व्यायामावर ठेवले. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा : शस्त्रक्रियेच्या गटाला आराम लवकर पडला, परंतु वर्षअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे झाले होते. थांबणाऱ्या गटातील ३९ टक्के लोकांना मात्र वेदना सोसवेना म्हणून पुढे शस्त्रक्रिया करावी लागली.

यातून घ्यावयाचा बोध सरळ आहे. पायाची ताकद टिकून असेल तर बहुतेकांना थांबण्याचा आणि विचार करण्याचा अवसर असतो. सहा ते बारा आठवडे नीट उपचार करूनही पायातील कळ जगू देत नसेल आणि चित्र व तपासणी यांचा मेळ बसत असेल, तर शस्त्रक्रिया हा चांगला पर्याय आहे. तीत संपूर्ण गादी काढीत नाहीत. मज्जातंतूवर दाब देणारा तुकडा तेवढा लहान छेदातून, सूक्ष्मदर्शकाच्या किंवा दुर्बिणीच्या साहाय्याने काढतात. तिने पायातील कळ चांगली जाते. निव्वळ कंबरदुखी तितकी खात्रीने जात नाही. काही रुग्णांत त्याच जागी पुन्हा गर बाहेर येऊ शकतो. मणके स्क्रूने जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया साध्या फुगवट्यासाठी सहसा लागत नाही. ती सुचविली गेल्यास कारण विचारावे.

डॉक्टरांना पुढील प्रश्न निःसंकोचपणे विचारावेत : माझी वेदना आणि हे चित्र जुळते काय? शस्त्रक्रिया न करता थांबलो तर काय होईल? केल्यास पायाला किती आराम आणि कंबरेला किती? मला किती दिवसांनी रोवणी करता येईल, पोते उचलता येईल?

येथे थांबू नये

पुढील लक्षणे दिसल्यास मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, दोन्ही मांड्यांच्या आतील व बसण्याच्या जागेची बधिरता, दोन्ही पायांत एकदम येणारी अशक्तता. कंबरेतील मज्जातंतूंचा सगळा झुबकाच दाबला गेल्याची ही खूण असते. तासागणिक नुकसान वाढते आणि तातडीची शस्त्रक्रिया लागते. लाजेखातर स्त्रिया ही लक्षणे सांगत नाहीत. घरातील माणसांनी ती विचारून घ्यावीत. पाऊल लोंबू लागणे, चालताना चप्पल निसटणे, हीसुद्धा वाट पाहण्याची लक्षणे नव्हेत.

आणखी एक गोष्ट आपल्या भागासाठी अत्यंत महत्त्वाची आहे. पाठीचे प्रत्येक दुखणे गादीचे नसते. सायंकाळी येणारा बारीक ताप, घटणारे वजन, रात्री झोपेतून उठविणारी पाठदुखी असेल तर मणक्याचा क्षयरोग असू शकतो; त्यावर शासकीय रुग्णालयात मोफत औषधोपचार आहे. दुसरा आजार सिकलसेलचा. पूर्व विदर्भात, आपल्या बौद्ध समाजात आणि आदिवासी बांधवांत, त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. सिकलसेलच्या रुग्णाला हाडांत व पाठीत तीव्र वेदनेचे झटके येतात. कधी खुब्याच्या सांध्याचे हाड रक्तपुरवठ्याअभावी झिजते आणि ते दुखणे मांडीत उतरते. घरच्यांना वाटते नस दबली. तरुण मुला-मुलीला असे दुखणे असेल तर आधी रक्ताची सिकलसेल चाचणी करून घ्यावी. देशात सिकलसेल निर्मूलनाचे अभियान २०२३ पासून सुरू आहे आणि त्याअंतर्गत शासकीय आरोग्य केंद्रांत ही तपासणी होते. सिकलसेलच्या रुग्णाने वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊच नयेत, कारण त्याचे मूत्रपिंड आधीच नाजूक असते.

लाथ, मालिश आणि मंत्र

पायाळू माणसाने कंबरेला लाथ मारली की उसण जाते, ही समजूत आपल्या खेड्यांत अजून जिवंत आहे. साधी उसण ही स्नायूंचा आखडा असते आणि ती बहुधा आठ-पंधरा दिवसांत आपोआपच जाते. श्रेय मात्र लाथेला मिळते. ज्याची गादी खरोखर फाटली आहे किंवा ज्याच्या मणक्याला क्षयाने पोखरले आहे, त्याच्या कंबरेवर लाथ बसली तर काय होईल याचा विचार प्रत्येकाने करावा. हलक्या हाताची मालिश, गरम पाण्याचा शेक यांनी बरे वाटते, त्यात वावगे काही नाही. झटका देऊन ‘कंबर बसविणे’ मात्र टाळावे.

कोठे जावे?

सुरुवात तिरोड्याच्या उपजिल्हा रुग्णालयापासून करावी. पुढील तपासणीसाठी गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ पासून सुरू आहे. त्याहून अधिक गरज पडल्यास रेल्वेच्या एकाच मार्गावर नागपूर आहे. तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि एम्स या मोठ्या सार्वजनिक संस्था आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली कोणती शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात मोफत होते, हे योजनेतील रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र सांगतो. रेशनकार्ड व आधारकार्ड सोबत न्यावे. जमीन गहाण टाकण्याचा विचार करण्याआधी या खिडकीपाशी जाऊन यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

विसावा आणि वाटून घेतलेले काम

पाली वाङ्मयात एक प्रसंग आहे. पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहात तथागतांनी रात्री उशिरापर्यंत उपदेश केला. मग आपली पाठ दुखत आहे, ती थोडी लांबवावी म्हणतो, असे त्यांनी सारिपुत्तांना सांगितले, पुढचे प्रवचन त्यांच्यावर सोपविले आणि ते उजव्या कुशीवर पहुडले. कपिलवस्तूला शाक्यांच्या सभागृहात असेच घडले. तेथे आनंदांनी पुढे बोलावयाचे होते. दीघनिकाय व मज्झिमनिकाय या दोन्ही ग्रंथांत हे नमूद आहे. दुखणे लपविले नाही, त्याचा बाऊ केला नाही, आणि काम दुसऱ्याच्या हाती सुरक्षित दिले.

आपल्या घरात हे घडते काय? रोवणीच्या दिवसांत आईची कंबर धरली तर ती सांगत नाही. कारण सांगून उपयोग नसतो. पाण्याचा गुंड तिनेच उचलायचा, चूल तिनेच पेटवायची, बांधीतही तिनेच वाकायचे. ‘ओझे टाळा’ हा डॉक्टरांचा सल्ला कागदावर चार अक्षरांचा असतो. तो पाळायचा तर ते ओझे दुसऱ्या कोणाच्या तरी हाती जावे लागते. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज नोकरीत आहेत त्यांनी घरी पैसे पाठवावेतच, पण रोवणीच्या चार दिवसांची रजा काढून घरी येता आले तर यावे. रोवणीत तासाभराने सर्वांनी मिळून पाच मिनिटे कंबर सरळ करावी. गुंड लहान घ्यावा, दोन खेपा कराव्यात. वजन उचलताना गुडघे वाकवावेत आणि ते छातीशी धरावे. मुलग्यांनी पाणी भरण्यात कमीपणा मानू नये. मणक्यावरील उपचाराचा पहिला भाग येथे, घरात होतो. तो नीट झाला तर दुसऱ्या भागासाठी रुग्णालयात जाण्याची वेळ पुष्कळांवर येणारच नाही.